पासंग

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी भिंतीला ढकलायला लागले.
भिंत हलली नाही, तशी अपेक्षाही नव्हती.
हात छातीच्या उंचीवर, टाचा जमिनीला,
नाक रंगाच्या पापुद्र्यापर्यंत न्यायचं, परत आणायचं.
आठ वेळा.
सहाव्याला दंड थडथडले
आणि मी भिंतीच्या कानात काही सांगत असल्यासारखी
तिथेच टेकून राहिले.

कारण साधं होतं.
कुताईसीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं मागते,
नाणं घेते, आणि तिसऱ्यावर थांबते.
मी पाचव्यावर राहते.
फेब्रुवारीत बटाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन
चौथ्याच्या अलीकडे पायरीवर बसले होते,
तर दुसऱ्या मजल्यावरचा बाचो, वय वर्षं बारा,
एका हाताने पिशवी उचलून वर गेला.
दुसऱ्या हाताने फोनवर गाडी पळवत होता.
सफरचंद दिलं, तर म्हणाला, "थँक्यू, आजी."
मला मूल नाही. नातू कुठून आला?

पुतणी एतेरी म्हणाली, जिम कशाला,
घरात खुर्ची आहे ना?
बस. ऊठ. हात न टेकता.

इतकी वर्षं खुर्चीतून उठणं
मी फुकटातली गोष्ट समजत होते.
तिसऱ्या दिवशी जिना उतरले
तो तोंड भिंतीकडे करून, शिडीवरून उतरावं तशी.
मांड्या आपल्याही आहेत हे मांड्यांनीच कळवलं.
वहीत लिहिलं:
भिंत आठ, आठ, सहा.
खुर्ची दहा, सात, आणि पुढे एक शिवी.

मे उजाडेपर्यंत पाण्याच्या बाटल्या हलक्या झाल्या.
बाल्कनीत कोबीच्या लोणच्याच्या पिंपावर
बाबांचं माप होतं: सोळा किलोचं, लोखंडी, वर कडी,
पोटावर ठोकलेला आकडा.
तीस वर्षं ते त्यांच्या पिठाच्या गाळ्यावर होतं,
नंतर वीस वर्षं कोबी दाबत बसलं.
धुतलं, तरी बीटचा वास गेला नाही.

"पाठ सरळ! कुल्ले मागे!" फोनमधून एतेरी.
पहिल्या दिवशी ते जमिनीला चिकटलेलं.
चौथ्या दिवशीही.
नवव्या दिवशी खाली कागद सरकेल एवढी फट पडली,
आणि मी एकटीच घरात ओरडले.

मग हौस. वजनकाट्यावर उभी राहिले.
मी: एकाहत्तर.
मी आणि बाबांचं माप: शहाऐंशी पूर्णांक चार.
पुन्हा उतरले, पुन्हा चढले.
शहाऐंशी पूर्णांक चार.

उलटं केलं.
बुडाशी बोटभर भोक, मेणाने बुजवलेलं,
मेणावर काजळी, नीट, प्रेमाने चोळलेली.

सहाशे ग्रॅम.
"बाजारातले बाकीचे," बाबा म्हणायचे,
"माझ्या पासंगालाही पुरायचे नाहीत."
त्यांच्या दिवसाला अर्धा बाजार आला होता,
ग्लास उंचावून एकेक जण उभा राहिला,
आणि प्रत्येकाने तोच शब्द वापरला. प्रामाणिक.
सातवीतले माझे लाल बूट
कितव्या पोत्यातून आले असतील?

दोन दिवस व्यायाम केला नाही.
वहीत रेघ मारली, कारण लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या काट्यावर
सहाशे ग्रॅम अक्रोड मोजले, सालासकट,
जुन्या मोज्यात भरले, मोजा कडीला बांधला.
पाय खांद्याइतके. श्वास आत.
एक. हे खोनीहून चालत येणाऱ्या बाईचं.
दोन. एका हाताच्या शिपायाचं, तो पिशवी दातात धरायचा.
तीन कोणाचं ते आठवेना, तरी उचललं.
चार. शेजारच्या गुलिकोचं,
ती अजून बाबांसाठी मेणबत्ती लावते.
मोजा लोंबतो, गुडघ्यावर आपटतो,
अक्रोड आत कुरकुरतात.

नवव्याला खालून झाडूच्या दांड्याची ठकठक झाली.
हळू ठेवलं.
वहीत: सोळा किलो, नऊ वेळा.
बाकी पुढच्या पानावर.